रानवट मांजर घरात आणताना

आमच्या बेल्हे गावी दर सोमवारी बाजार भरतो. आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव जुन्नर तालुक्याबाहेर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुधा बैलबाजारामुळे ठाऊक असते. सोमवारी पहाटेपासून बाजारतळ माणसांनी आणि जनावरांनी गजबजून जातो. मंगळवारी उजाडते तेव्हा तेथे शेण, कडब्याची धसकटे आणि सुकटीच्या टोपल्यांखाली सांडलेला चुरा एवढेच उरलेले असते. या चुऱ्यावर आणि धान्याच्या पोत्यांमागोमाग येणाऱ्या उंदरांवर मांजरांचे एक मोठे कुटुंब पोसले जाते. ती कोणाचीच नाहीत. माणूस दहा हातांवर आला की ती गोणपाटांखाली नाहीशी होतात. या कुटुंबातल्या एका भाटीला आम्ही घरी आणले, आणि तेही आधीच दोन मांजरे नांदत असलेल्या घरी. ते कसे केले, हे आज मला सांगावयाचे आहे.

मी मॅट्रिक झालेला, आता निवृत्त असा एक शाळामास्तर. प्राणिशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, हीच गोष्ट मी एकदा अगदी चुकीच्या रीतीने केली आणि एकदा पुष्कळशी बरोबर केली. मधल्या बारा वर्षांत चूक कोठे झाली याचा शोध घेत मिळेल ते वाचले, आणि जनावरांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून हैराण केले.

चूक आधी सांगतो. आमच्याकडे मनी नावाची एक पांढरी मांजर होती. ती खरे म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची. मला ती केवळ सहन करीत असे. श्रावणातल्या एका झडीच्या संध्याकाळी शाळेच्या पडवीत एक तरणा बोका कुडकुडताना दिसला. मी त्याला उपरण्यात गुंडाळून घरी आणला आणि मनी जेवत होती तेथेच, माजघराच्या मध्यभागी, खाली ठेवला. वर्गात नवा मुलगा आला म्हणजे मी त्याला एका बाकावर बसवीत असे, शेजारच्यांना सरकून घ्या म्हणत असे, आणि दोन दिवसांत तो त्यांच्यातला होऊन जाई. येथेही तसेच होईल अशी माझी समजूत. मनीने अंगाचा फुगारा केला, घशातून असा काही आवाज काढला की तसा तिच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि ती माळ्यावर चढली. दोन दिवस खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी घडी घातलेल्या अंथरुणावर मुतलेली आढळली, तेव्हा मी तिला रागावलो. ही दुसरी चूक. आठव्या दिवशी ती मागच्या खिडकीतून गेली. एकदा शेजारच्या गोठ्याच्या भिंतीवर दिसली. मी हाक मारली, तिने माझ्याकडे पाहिले, पण ती आली नाही. पुढे बोकाही आपल्या वाटेने निघून गेला. सौभाग्यवती मला एकच वाक्य बोलल्या, "तुम्ही तिला न विचारता तिचे घर दुसऱ्याला देऊन टाकलेत." त्या वेळी मला ते बायकी रुसव्याचे बोलणे वाटले. पुढे कळले की मांजराच्या स्वभावाविषयी याहून अचूक विधान करता येणार नाही.

मांजर हे कुत्र्यासारखे टोळीने शिकार करणाऱ्या प्राण्याच्या वंशातले नव्हे. जगातल्या सर्व पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील एका रानमांजराच्या जातीत आहे, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीत दिसून आले. हे रानमांजर एकटे हिंडते, एकटे मारते, एकटे खाते. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. तो शोध २००४ साली जाहीर झाला. माणसाने धान्य साठविले, धान्याला लागून उंदीर आले, उंदरांना लागून मांजर आले. आमच्या बाजारतळावर आजही तेच चालले आहे. कुत्र्याला माणसाने मुद्दाम बाळगले असेल; मांजर स्वतःहून आले आणि सोयीचे वाटले म्हणून राहिले.

जेथे अन्न मुबलक असते तेथे मात्र मांजरे जमावाने राहतात, आणि त्या जमावाची घडण पाहण्यासारखी असते. आई, तिच्या मुली, मावशा अशा नात्यातल्या भाट्या एकत्र असतात. एकमेकींची पिल्ले चाटतात, पाजतातही. परकी भाटी आली तर तिला हुसकून लावतात. आपले कोण व परके कोण हे त्या रूपावरून ठरवीत नाहीत, वासावरून ठरवितात. मांजराच्या गालांत, हनुवटीखाली, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या गादीत गंध स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. मांजर आपल्या पायाला गाल घासते तेव्हा आपण त्याला लाड म्हणतो. लाड असतीलही; पण त्याबरोबरच ते आपल्यावर घरचा शिक्का उमटवीत असते. दाराची चौकट, खाटेचा खूर, सुपाची कड यांवर असे शिक्के रोजच्या रोज नवे होत असतात. हे वाचावयाला मांजराच्या टाळूत एक निराळे इंद्रिय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कच्या याकोबसन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. एखादी जागा हुंगून मांजर तोंड अर्धवट उघडे ठेवून थबकते, पाठ केलेली ओळ ऐन वेळी विसरलेल्या मुलासारखे, तेव्हा ते या इंद्रियाने वाचीत असते.

म्हणजे मनीचे घर हे भिंतींचे घर नव्हतेच. ते वासांनी लिहिलेले घर होते, आणि त्यावर मी एका क्षणात परक्या हस्ताक्षराची शाई सांडली होती. अंथरुणावर मुतणे ही खोडी नव्हती; पुसले गेलेले आपले नाव ती सर्वांत जास्त आपल्या वासाच्या जागी पुन्हा लिहीत होती.

हितोपदेशातली जरद्गव गिधाडाची गोष्ट मी कित्येक वर्षे मुलांना सांगितली. भागीरथीच्या काठच्या झाडावर एक आंधळे, म्हातारे गिधाड राहते. दीर्घकर्ण नावाचा मांजर गोड बोलून तेथे आसरा मिळवितो, पाखरांची पिल्ले खातो, आणि आळ व मरण येते ते बिचाऱ्या गिधाडावर. ज्याचे कुळ आणि शील ठाऊक नाही त्याला घरात घेऊ नये, असे तिचे तात्पर्य. गंमत अशी की मांजराविरुद्ध रचलेली ही गोष्ट जगात सर्वांत मनोभावे कोणी पाळीत असेल तर मांजरच. तेव्हा नव्या मांजराचे कुळ आणि शील जुन्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे वासाच्या भाषेत, कळविणे आणि ते पटेपर्यंत थांबणे, एवढेच आपले काम उरते.

आता त्या भाटीकडे वळतो. दोन वर्षांपूर्वी, नवरात्रात, माझ्या नातवाला बाजारतळावर एका टेंपोखाली एक काळी भाटी दिसली. तिचा मागचा एक पाय लोंबत होता. हमरस्त्यावरच्या वाहनाचा तो प्रताप असावा. अशा जनावराला हाताने धरू जाऊ नये, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम वरून लहान आणि आतून खोल होते, आणि पिसाळण्याचा रोग मांजराकडूनही येतो. चावा किंवा ओरखडा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, तंबाखू यांतले काही लावू नये. आम्ही पिंजऱ्यात सुकट ठेवली, पिंजरा गोणपाटाने झाकला आणि दूर जाऊन बसलो. रात्री नऊला दार पडल्याचा आवाज आला.

पाय वाचला नाही. पुण्याच्या एका पशुवैद्यांनी तो मांडीपासून काढला आणि त्याच भुलीत तिची वंध्यीकरणाची शस्त्रक्रियाही उरकली. मग प्रश्न उभा राहिला. एरवी अशा मांजराला शस्त्रक्रियेनंतर जेथून उचलले तेथेच परत सोडणे योग्य असते. पण तीन पायांची मांजर बाजारतळावर सोडणे म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावे लागत नाही. धरणे-कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसाबरोबर बिबट्या दाराशी आला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचे खाणे तपासले, ते २०१६ साली प्रसिद्ध झाले. वजनाच्या हिशेबाने त्या खाण्यात कुत्री ३९ टक्के आणि पाळीव मांजरे १२ टक्के होती. चार पायांच्या मांजराला निदान झाडावर चढून पाहता येते.

घरी त्या वेळी ठकी आणि बंड्या अशी दोन मांजरे होती. बंड्या दोन वर्षांचा, खच्ची केलेला, खोडकर बोका. ठकी अकरा वर्षांची; मनी गेल्यावर सौभाग्यवतींनी वर्षभर मांजराचे नाव घेतले नव्हते, त्यानंतर आलेली. मी विषय काढला तेव्हा त्या तांदूळ निवडीत होत्या. "आणा," त्या म्हणाल्या, "पण या वेळी ठकी घर सोडून गेली, तर मी काही बोलणार नाही हो. बोलायचे ते मागेच बोलून झाले आहे." एवढी ताकीद मला पुरेशी होती.

येथे थोडे थांबून, कोणते मांजर घरात आणावे आणि कोणते आणू नये, हे सांगतो. पिल्लाचा दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाची ओळख होण्याचा काळ असतो. या दिवसांत माणसाचा हात लागलेले पिल्लू जन्मभर माणसाचे राहते. तो काळ उलटून गेलेले, माणसापासून दूर वाढलेले मांजर घरात आणणे हे महिन्यांचे काम आहे, आणि कित्येकदा ते साधतच नाही. धट्टेकट्टे, प्रौढ, रानवट मांजर पाहून आपल्याला दया आली, एवढ्या कारणाने त्याला चार भिंतींत कोंडणे ही दया नव्हे. त्याची शस्त्रक्रिया करवावी, त्याला लस टोचवून घ्यावी, आणि त्याच्या जागी सोडून रोज खावयाला घालावे. भुलीत असतानाच कानाचे टोक किंचित कापतात. ती खूण पाहून त्याला पुन्हा कोणी पकडीत नाही. मांजरीचा गर्भ नऊ आठवड्यांत पूर्ण होतो आणि तिची मुलगी सहा महिन्यांच्या आत आई होऊ शकते. याचा गुणाकार मी पूर्वी मुलांना गणित म्हणून घालीत असे, आणि उत्तर पाहून मुले हसत.

दुसरी गोष्ट खास आमच्या भागातली. ऊसतोड सुरू झाली की फडात मांजरासारखी पिल्ले सापडतात. कोणाला ती बिबट्याची वाटतात, कोणाला मांजराची, आणि हौसेने घरीही नेली जातात. त्यांत पुष्कळदा वाघाटीची पिल्ले असतात. वाघाटी म्हणजे तांबूस ठिपक्यांची, पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास भरणारी, जगातल्या सर्वांत लहान मार्जारजातींपैकी एक. तिला आणि रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पाळता येत नाही, आणि पाळली तरी ती घरची होत नाहीत. अशा पिल्लांना हात न लावता वनखात्याला कळवावे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तेथील मंडळी आणि वनखात्याचे लोक अशी पिल्ले सापडल्या जागी रात्री ठेवतात, आणि आई येऊन त्यांना उचलून नेते. आई सोडून गेली असे आपण समजतो; ती बहुधा आपणच जाण्याची वाट पाहत असते.

काळ्या भाटीचे नाव सोमी ठेवले; पुण्याहून ती घरी आली तो सोमवार होता. तिच्यासाठी कोठीची खोली रिकामी केली. खोली लहान असावी. मोठ्या घरात सोडलेले भेदरलेले मांजर माळ्यावर किंवा कपाटामागे जाऊन बसते आणि त्याला तेथून काढणे कठीण होते. एका कोपऱ्यात आडवे पाडलेले लाकडी खोके, दुसऱ्यात पाणी व ताटली, आणि अन्नापासून शक्य तितके दूर मातीचे घमेले. घमेल्यात पहिल्या आठवड्यात आम्ही बाजारतळावरचीच माती घातली. तिला ती जागा विचारावी लागली नाही. पुढे रोज मूठ मूठ वाळू मिसळीत गेलो. खोक्याला फार महत्त्व आहे. हॉलंडमध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना लपावयाला खोके दिले ती, न दिलेल्यांपेक्षा कितीतरी लवकर निवळली. लपू दिले तर मांजर लाजाळू होईल ही आपली समजूत उलटी आहे. लपता येते हे कळले म्हणजेच ते बाहेर येते.

दोन आठवड्यांचे विलगीकरण तर रोगांसाठीच आवश्यक असते. पिसवा, जंत आणि त्वचेची बुरशी हे किरकोळ पाहुणे; पण मांजरांच्या पटकीसारख्या रोगाने घरातली लस न टोचलेली सगळी मांजरे जाऊ शकतात, आणि दोन विषाणू असे आहेत की ते केवळ रक्त तपासूनच कळतात. आमची सून त्या वेळी गरोदर होती. मांजराच्या विष्ठेतून गर्भाला अपाय करणारा एक सूक्ष्म जंतू येऊ शकतो, हे खरे आहे. म्हणून मांजर हाकलून द्या असा सल्ला देणारी मंडळी गावोगावी असतात. पण तो जंतू ताज्या विष्ठेत बाधक नसतो, त्याला एक ते पाच दिवस लागतात. घमेले रोजच्या रोज साफ करावे, आणि ते गरोदर बाईने करू नये, एवढे पथ्य पुरते. ते काम माझ्याकडे आले. चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यानंतर हेही तपासण्याचे काम मला जड गेले नाही.

पहिले तीन दिवस सोमी दिसलीच नाही. रात्री ठेवलेली ताटली पहाटे रिकामी असे, म्हणून काळजी नव्हती. मांजर सलग दोन दिवस काहीच खात नसेल तर मात्र डॉक्टरांकडे जावे. उपासाने त्याचे यकृत बिघडते. मी रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाची. शुद्धलेखन घालण्याचा माझा जुना आवाज त्या कामी आला. मांजराकडे टक लावून पाहू नये, त्यांच्यात ते आव्हान असते. त्याऐवजी डोळे सावकाश अर्धे मिटावेत व उघडावेत. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखविले की असे केल्यास मांजरेही उत्तरादाखल तसेच करतात, आणि अनोळखी माणसाच्याही जवळ येतात. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण आपण दुसऱ्याला फसविणाऱ्यासाठी वापरतो. मला वाटते, डोळे मिटणे ही मांजराची विश्वासाची खूण आहे. पंचविसाव्या दिवशी सोमीने मला हे उत्तर दिले. त्या दिवशी मी अग्रलेख अर्धाच वाचला.

आता मुख्य भाग. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन सौभाग्यवतींनी ठकीचे व बंड्याचे गाल पुसले आणि ती चिंधी सोमीच्या खोलीत ठेवली; सोमी झोपे त्या गोणपाटाचा तुकडा इकडे आणला. बंड्याने तो हुंगला आणि खेळावयाला घेतला. ठकी मात्र त्यावर फिस्कारली आणि निघून गेली. तो तुकडा आम्ही तिच्या ताटलीपासून पाच हातांवर ठेवला, आणि रोज एक एक वीत पुढे सरकविला. ती खाणे थांबवी त्या दिवशी दोन विती मागे घ्यावयाचा. सत्तावीस दिवसांनी ठकी त्या तुकड्याशेजारी बसून जेवली. त्यानंतर रात्री ठकी-बंड्याला निजावयाच्या खोलीत बंद करून सोमीला माजघर मोकळे केले, आणि तेवढा वेळ गेल्यावर त्या दोघांना कोठीच्या खोलीत हिंडू दिले. मांजरे एकमेकांना न पाहता एकमेकांची घरे वाचीत होती. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोन ताटल्या. या अवस्थेत घाई करण्याचा मोह अनावर होतो, कारण सगळे शांत दिसते.

मला तो आवरला नाही. बेचाळिसाव्या दिवशी दोन्ही हात भरलेले असताना मी कोठीचे दार पायाने लोटले आणि ते नीट लागले की नाही हे पाहिले नाही. बंड्या आत शिरला. जो आवाज झाला तो ऐकून शेजारी धावत आले. अशा वेळी मध्ये हात घालू नये. मी सूप मध्ये टाकले, ते दोन दिशांना पळाले. जखमा ओरखड्यांवर निभावल्या. खरे नुकसान निराळेच झाले. सोमी पुन्हा खोक्याच्या तळाशी गेली. ठकीचा या भांडणाशी काहीही संबंध नव्हता, तरी त्या रात्री तिने घमेले सोडून उंबऱ्यावर लघवी केली, आणि पहाटे मी उठलो तेव्हा ती मागच्या खिडकीत बसून बाहेर पाहत होती. तीच खिडकी. सौभाग्यवती उठून आल्या, त्यांनी खिडकी लावून घेतली आणि त्या चहा ठेवावयाला गेल्या. बोलल्या काही नाहीत.

आम्ही चिंध्यांपासून पुन्हा सुरुवात केली. उंबरा मी पुन्हा पुन्हा धुतला, पण ठकीला रागावलो नाही. भीतीने केलेल्या गोष्टीला शिक्षा केली तर भीती दुप्पट होते. या वेळी सर्व पायऱ्या लवकर चढता आल्या. मग कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी एका चौकटीला ठोकून ती दारात उभी केली, तिच्यावर पडदा सोडला, आणि जेवणाच्या वेळी पडदा रोज चार बोटे वर घेतला. प्रथम त्यांना एकमेकांचे पाय दिसले, मग छाती, मग तोंड.

पाहताना काय पाहावे, हे शिकावे लागते. फिस्कारणे हे भांडण नव्हे, ते कुंपण आहे. येथून पुढे येऊ नकोस असे सांगण्याची ती सभ्य रीत आहे, आणि ती मोडून काढू नये. भिण्यासारखे असते ते मौन. एक मांजर ताठ उभे, कान बाजूला वळलेले, शेपटीचे टोक तेवढे हलते आहे आणि नजर दुसऱ्यावर खिळली आहे, असे दिसले तर मध्ये पुठ्ठा धरावा आणि नजर तोडावी. याहूनही सूक्ष्म दांडगाई असते. बंड्या काही दिवस नुसता दाराच्या मध्यभागी पाय पसरून पडून राही. पाहणाऱ्याला तो लोळतो आहे असे वाटे. पण त्यामुळे सोमीला घमेल्याकडे जाता येत नसे. यावर उपाय मारणे-हाकलणे नव्हे, वाटा वाढविणे. मांजरे जितकी, त्याहून एक जास्त घमेले, आणि ती निरनिराळ्या ठिकाणी. ताटल्या एकमेकांकडे पाठ होईल अशा. शहरात दोन खोल्यांच्या घरातही हे करता येते, कारण मांजर जागा उंचीनेही मोजते. ठकीला कपाटाचा माथा दिला. सोमीला तीन पायांमुळे उंच चढता येत नाही, म्हणून तिला खाटेखालचा मुलूख दिला. वरचे राज्य एकीचे आणि खालचे दुसरीचे, अशी वाटणी तिच्या लंगडेपणाने आपोआप झाली. बाहेरची मांजर धडधाकट असती तर ठकीने इतके ऐकले असते की नाही, मला शंका आहे.

खाण्याविषयी एकच गोष्ट. दूधपोळीवर मांजर जगते ही आपल्या घरांतली गोड समजूत आहे. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, आणि टाउरिन नावाचे एक द्रव्य त्यांना मांसमच्छीतूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. शाकाहारी कुटुंबांनी मांजर घेण्यापूर्वी याचा विचार केलेला बरा. आमच्याकडे चूल एक आणि पडवीतली शेगडी निराळी, अशी तडजोड आहे.

आश्विनात आलेल्या सोमीसाठी कोठीचे दार माघात कायमचे उघडले. मधल्या काळात सुनेला मुलगी झाली, ती बाळंतपणाहून परत आली, आणि घरातले एक माणूस वाढल्याची दखल मांजरांनी सोमीच्या मानाने फारच थोडी घेतली. बंड्या आणि सोमी आता एकाच गोणपाटावर निजतात, एकमेकांचे कान चाटतात. ठकीने मैत्री केलेली नाही आणि करील असे वाटत नाही. ती आता तेरा वर्षांची आहे, तिला कोणाशी काय ठेवावे हे कळते.

सोमवारी सकाळी हमरस्त्यावरून बैलांचे टेंपो बाजारतळाकडे जाऊ लागले की सोमी ओटीच्या बुटक्या खिडकीशी येते. दार उघडेच असते. पहिल्या काही सोमवारी ती उंबऱ्यापर्यंत जाई, बाहेरचा वास घेई, तोंड अर्धे उघडून उभी राही आणि परत येई. आता उंबऱ्यापर्यंतही जात नाही. ठकी त्या वेळी ओटीवरच्या ट्रंकेवर बसलेली असते. दोघींमधले अंतर मी जमिनीवरून मापले आहे. माघात ते पाच हात होते, हल्ली तीन आहे.